नागपूरच्या पाण्यात मरळीसाठी लुअर: फ्रॉग, स्पून, बझबेट आणि बाकीचे कुठे चालतात, कुठे नाही

लुअर, म्हणजे कृत्रिम आमिष, विकत घेताना बहुतेक जण पाकिटावरचं माशाचं चित्र आणि रंग बघतात. आधी बघायचा असतो तो काठ. रामटेकजवळच्या खिंडसी तलावाचा बांध, मामा (माजी मालगुजारी) तलावातला कमळाच्या पानांचा थर, पेंचच्या कालव्याचं चालतं पाणी आणि कन्हान नदीचा डोह या चारही ठिकाणी मासा तोच असेल, पण त्याच्या तोंडापर्यंत लुअर पोचवायची रीत प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. नागपूर आणि आजूबाजूच्या पाण्यात कोणतं लुअर कुठे उपयोगी पडतं, कशावर पैसे वाया जातात आणि विकत आणलेल्या लुअरमध्ये घरी काय दुरुस्त करावं लागतं, ते इथे प्रकारानुसार दिलं आहे.

रोहू, कतला, मृगळ यांच्यासाठी लुअर घेऊच नका. कतला वरच्या थरातलं बारीक प्लवक खातो, रोहू मुख्यतः शेवाळ आणि वनस्पती, मृगळ तळाचा कुजका गाळ. धावत्या बेडकामागे किंवा चमकत्या पत्र्यामागे हे मासे सहसा येत नाहीत. त्यांच्यासाठी कणकेचा गोळाच बरा. लुअर शिकारी माशासाठी असतं आणि आपल्याकडे शिकारी म्हणजे मुख्यतः मरळ, मोठ्या पाण्यात फुलमरळ, आणि नदीत किंवा मोठ्या धरणात शिवडा, ज्याला बाजारात पढीन म्हणूनही विचारतात.

मरळ हवेतून श्वास घेते. त्यामुळे उन्हाळ्यात आटत आलेल्या, गढूळ, जलपर्णीनं गच्च भरलेल्या पाण्यातही ती तग धरते, आणि थोड्या थोड्या वेळानं वर येऊन हवा घेते. पानांच्या फटीत हवा घेतल्याचा आवाज आला, बुडबुडे दिसले की तिची जागा कळते. म्हणजे तिच्यासाठीचं लुअर पाण्याच्या वरून चालणारं हवं आणि वनस्पतीत न अडकणारं हवं. या दोन्ही अटी एकदम पूर्ण करतो तो पोकळ फ्रॉग. आपल्या भागात एकच लुअर घ्यायचं असेल तर हेच घ्या.

फ्रॉगचं अंग मऊ पीव्हीसीचं, आतून पोकळ असतं. दुहेरी हुक अंगाच्या मागच्या टोकातून निघून पाठीला चिकटून वर वळलेला असतो, त्यामुळे पानांवरून ओढताना टोकं कुठे अडकत नाहीत. मासा चावला की अंग चेपतं आणि टोकं उघडी पडतात. सगळी कारागिरी या चेपण्यातच आहे. इथल्या मरळीसाठी अंगाची लांबी ५ ते ६.५ सेंटीमीटर आणि वजन १० ते १५ ग्रॅम पुरतं. जलपर्णीचा थर जाड असेल तर १७-१८ ग्रॅमचा घ्यावा, कारण हलका फ्रॉग थरावर नुसता घसरत जातो. खालच्या माशाला तो जाणवायचा तर थर थोडा दबला पाहिजे. स्प्रोचा ब्रॉन्झआय ६५ हा या वर्गातला जगभर नावाजलेला फ्रॉग आहे. साडेसहा सेंटीमीटरचं अंग, गामाकात्सूचा जाड तारेचा हुक, आणि पाकिटातून काढून थेट वापरता येईल इतकी नीट बांधणी. महाग आहे, पण एक असला की बाकीचे त्याच्याशी ताडून बघता येतात. अडीचशे-तीनशे रुपयांच्या आसपास मिळणारे फ्रॉगही मासे देतात. फक्त ते हातात घेऊन तपासल्याशिवाय पाण्यात टाकू नयेत.

तपासायचं कसं ते सांगतो. अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबा. पापड मोडायला लागतो तेवढ्याच जोरात अंग चेपून दोन्ही टोकं पूर्ण बाहेर आली पाहिजेत. जास्त जोर लागत असेल तर मरळ फ्रॉग तोंडात घेईल आणि हुक न लागता सोडून देईल. मग हुकचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवा. रुतलं तर धार आहे, घसरलं तर कानस लावावी लागेल. त्यानंतर फ्रॉग बादलीभर पाण्यात एक हात उंचीवरून उलटा सोडा. तो आपोआप सरळ व्हायला हवा, नाक किंचित वर आणि मागचा भाग पाण्यात. आडवा किंवा पाठीवरच राहिला तर आतलं शिसं एका बाजूला चिकटलेलं आहे. असा फ्रॉग दर दुसऱ्या फेकीला उलटा पडेल, आणि उलटा फ्रॉग म्हणजे खाली तोंड करून वनस्पतीत रुतणारे दोन हुक. तो परतच करावा. शेवटी दहा मिनिटं पाण्यात तसाच ठेवून काढा आणि दाबा. नाकातून किंवा पायांच्या भोकातून थोडं पाणी येणं सगळ्याच फ्रॉगमध्ये होतं. धारच लागली तर नाकाच्या भोकाभोवती लवचीक राहणाऱ्या डिंकाचा, म्हणजे चपला-बूट चिकटवायच्या गोंदाचा, पातळ थर द्या. मात्र सगळी भोकं बंद करू नका. हवा बाहेर पडायला वाट राहिली नाही तर अंग चेपतच नाही आणि फ्रॉगचा सगळा उपयोग जातो.

आता दोन सुधारणा, ज्या जवळपास प्रत्येक स्वस्त फ्रॉगला लागतात. पहिली: पक्कडीनं हुकची दोन्ही टोकं अगदी थोडी, दीड-दोन मिलीमीटर, वर आणि बाहेर वाकवा. त्यानं हुक लागण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढतं. यापेक्षा जास्त वाकवली तर कमळाच्या देठात अडकायला लागतात. दुसरी: रबरी पायांचे झुपके लांब असतात आणि मरळ मागून येऊन नुसते पायच धरते. दोन्ही कापून अंगाच्या लांबीइतके किंवा त्याहून थोडे कमी ठेवा. एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर आखूड ठेवली तर दोरीला छोटे झटके दिल्यावर फ्रॉग डावी-उजवीकडे वळत चालतो. मोकळ्या पाण्याच्या छोट्या खिडकीत ही चाल फार कामाची, कारण लुअर पुढे न सरकता जागच्या जागी हलत राहतं.

रंगावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. माशाला खालून फक्त पोट दिसतं. स्वच्छ पाण्यात आणि उन्हात पांढरं किंवा पिवळसर पोट, संध्याकाळी आणि गढूळ पाण्यात काळं. दोन फ्रॉगमध्ये हिशेब पूर्ण होतो. पाठीवर रंगवलेली नक्षी गिऱ्हाइकासाठी असते.

फेक नेमकी फटीत टाकू नका. फटीच्या पलीकडे मीटर-दीड मीटरवर टाका, पानांवरून सरकवत आणा आणि मोकळ्या पाण्यात आला की तीन ते पाच सेकंद थांबवा. बहुतेक फटके, म्हणजे माशाचे हल्ले, या थांब्यात किंवा तिथून पहिल्यांदा हलवताना बसतात. आणि फटका बसला की लगेच ओढायचं नाही. मरळ कित्येकदा आधी फ्रॉगला पाण्याखाली दाबते, मग तोंडात वळवते. रॉड खाली करा, ढील गोळा करा, दोरीवर वजन जाणवलं की मग जोरात वर. तिचं तोंड हाडाळ आहे, अर्धवट झटक्यानं हुक रुतत नाही. म्हणूनच नायलॉनची दोरी इथे चालत नाही: वीस मीटरवर ती इतकी ताणते की झटक्याचा जोर हुकपर्यंत पोचतच नाही. ३० ते ४० पौंडांची ब्रेडेड (विणलेली) दोरी, साडेसहा ते सात फुटांचा मीडियम-हेवी रॉड, ३००० किंवा ४००० आकाराचं स्पिनिंग रील. ब्रेड पालोमार गाठीनं थेट फ्रॉगला बांधा. मध्ये स्नॅप-स्विवेल (धातूचा फिरता जोड) लावला की नाक जड होऊन फ्रॉग पाण्यात डोकं खुपसतो, शिवाय त्यावर गवत गोळा होतं ते वेगळंच.

आग्नेय आशियात याच जातीच्या माशांसाठी वापरतात तो छोटा जंप फ्रॉग हल्ली इथेही मिळतो: साडेतीन ते साडेचार सेंटीमीटरचं अंग, मागे लहानसं फिरणारं पातं. धानाच्या बांध्या, नाले, विरळ गवताचे काठ अशा ठिकाणी तो मोठ्या फ्रॉगपेक्षा सरस आहे, कारण एकसारखा ओढता येतो आणि लहान मरळही पूर्ण तोंडात घेते. जाड जलपर्णीवर मात्र बिनकामाचा. पात्यात मुळं गुंततात. खोलगट तोंडाचा पॉपर फ्रॉग फक्त मोकळ्या खिडक्या जास्त असतील तिथेच घ्या. पानांवरून आणताना त्याच्या तोंडात कचरा भरतो.

वनस्पती पाण्याच्या वर नसून अर्धा-पाऊण फूट खाली असेल तर फ्रॉगऐवजी वीड-गार्डचा स्पून बरा. एक हुक, त्यापुढे तारेची आड, आणि डुलत चालणारा पत्रा. जॉन्सनचा सिल्व्हर मिनो हा या जातीतला जुना आणि अजूनही उत्तम नमुना. साधारण १४ ग्रॅमचा पुरतो. स्पूनचा एकच मोठा दोष आहे, दोरीला पीळ पडतो. म्हणून इथे मात्र पुढे अर्ध्या हातावर चांगला बॉल-बेअरिंग स्विवेल हवाच. ओढण्याचा वेग असा ठेवा की पत्रा डुलेल पण गोल फिरणार नाही. काठाजवळ नजरेसमोर ओढून आधी तो वेग ओळखून घ्यावा. तारेची आड फार ताठ असेल तर मासा चावूनही हुक उघडत नाही. बोटानं दाबून ती सहज खाली जाते का बघा, नाहीतर थोडी वाकवून सैल करा.

बझबेट संध्याकाळचं लुअर आहे. पाणी कापत फडफडणारं पातं, खाली एकेरी हुक, ७ ते १४ ग्रॅम वजन. हे तरंगत नाही. पाण्याला टेकायच्या आधीच रीलचं हँडल फिरायला लागलं पाहिजे, नाहीतर बुडतं आणि तळाचं गवत घेऊन येतं. थांबवता येत नसल्यानं वनस्पतीतल्या फटींसाठी निरुपयोगी, पण बेशरमाच्या झुडपांच्या कडेनं मोकळी पट्टी असेल तर त्या पट्टीला समांतर ओढायला याच्यासारखं दुसरं काही नाही. नवीन बझबेटचं पातं गुळगुळीत फिरतं. ते थोडं करकरलं तर जास्त चालतं, म्हणून पात्यामागचा रिव्हेट तेल न घालता झिजू द्यावा.

पेंचच्या कालव्यांत आणि त्यांच्या वितरिकांत पाणी सुटलेलं असताना मासा कडेला, पुलाच्या सावलीत किंवा दरवाजाच्या मागच्या संथ पाण्यात दबून बसतो. इथे मऊ प्लॅस्टिकचा पॅडल-टेल (वल्ह्यासारख्या शेपटीचा) मासा, १० सेंटीमीटरच्या आसपास, ३/० किंवा ४/० च्या ऑफसेट (मानेशी वाकवलेल्या) हुकवर. हुकचं टोक प्लॅस्टिकच्या पाठीत लपवायचं, पोटाला दोन ते साडेतीन ग्रॅम शिसं. प्लॅस्टिक हुकवर अगदी सरळ बसलं पाहिजे. किंचित वाकडं बसलं तर ते गोल फिरतं, शेपटी हलत नाही आणि दोरी पिळते. प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकून पाण्याबरोबर खाली येऊ द्या, फक्त ढील उचलत राहा. पाणी बंद झाल्यावर पुलांखाली डबकी उरतात, तिथे हेच लुअर शिसं काढून वापरा. मेप्ससारखे फिरत्या पात्याचे छोटे स्पिनर, दोन किंवा तीन नंबरचे, कालव्याच्या सिमेंटच्या भागात छान चालतात. मातीच्या काठावर ते गवतच जास्त आणतात.

खिंडसीचा बांध आणि गोसीखुर्द धरणाच्या भिंतीकडचं मोठं पाणी हा वेगळा मामला आहे. इथे दगड, खोली आणि मोकळं पाणी. फ्रॉग पेटीत ठेवा आणि जिभेचं लुअर काढा: क्रँकबेट किंवा मिनो. पुढची प्लॅस्टिकची जीभ जितकी लांब आणि आडवी, तितकं लुअर खोल जातं. आखूड आणि उभी जीभ म्हणजे वरून चालणारं. बांधाला काटकोनात फेकून ओढलं तर शेवटचे काही मीटरच दगडांजवळून जातात. बांधावर उभं राहून कडेला समांतर फेका, म्हणजे सगळी फेक माशाच्या घरावरून जाते. जीभ दगडाला लागली की ओढणं थांबवा. तरंगणारं लुअर आपोआप वर सुटतं आणि नेमक्या त्याच क्षणी फटका बसतो. घाबरून झटका दिला तर हुक फटीत रुततात. रापालाचा एक्स-रॅप १० हा १० सेंटीमीटरचा, १३ ग्रॅमचा, थांबवला की पाण्यात त्याच खोलीवर राहणारा मिनो आहे. सकाळच्या स्वच्छ पाण्यात दोन झटके आणि एक थांबा या चालीला तो फार नीट उत्तर देतो. डोहातल्या शिवड्यासाठी तिन्हीसांजेला हाच वापरा, पण पुढे ४० पौंडांचा जाड लीडर, म्हणजे लुअरच्या आधी बांधायचा दोरीचा तुकडा, हवा. त्याच्या तोंडात बारीक दातांच्या दाट ओळी असतात, पातळ दोरी घासून तुटते.

ऑनलाइन बघताना ‘स्ट्राइप्ड बास’ असं लिहिलेली मोठी, सुंदर लुअर्स दिसतात आणि मोह होतो. स्ट्राइप्ड बास हा अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचा मासा. तिथले लोक लाटांच्या वाळूकिनाऱ्यावर दूर फेकायला जड धातूची लुअर्स, खाडीच्या तोंडाशी प्रवाहात तळाजवळून चालवायला केसाळ बकटेल जिग, आणि केप कॉड कालव्यासारख्या वेगवान पाण्यात लांब पेन्सिल पॉपर वापरतात. ही लुअर्स ३० ते ८० ग्रॅमची, आठ-दहा फुटांच्या रॉडसाठी बनवलेली असतात. सात फुटांच्या रॉडनं ती फेकली तर टोक मोडायचा धोका आहे, आणि मामा तलावात त्यांचे ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे हुक, पहिल्याच पानात अडकतात. त्यांच्याकडून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे काठ बघून लुअर निवडायची शिस्त, आणि दुसरी म्हणजे ट्रेबल काढून एकेरी हुक लावण्याची पद्धत. एकेरी हुक मासा सोडताना त्याला कमी इजा करतो आणि दगडातही कमी अडकतो. बदलताना नवीन हुकचं वजन जुन्या ट्रेबलइतकंच ठेवा, नाहीतर तरंगणारं लुअर बुडायला लागतं किंवा त्याची चाल बिघडते.

गळ टाकण्याआधी विचारणं हा या कामाचाच भाग आहे. आपल्याकडच्या बहुतेक तलावांत मासेमारीचा हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आणि मामा तलावांवर ढिवर समाजाचं पोट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. संस्थेच्या माणसाला भेटा, परवानगी आणि शुल्क विचारा. शिंगाड्याची लागवड असलेल्या भागात लुअर टाकूच नका. फ्रॉग अडकत नसला तरी ब्रेडेड दोरी वेल कापत जाते आणि नुकसान दुसऱ्याचं होतं. जाळ्यांच्या कडेलाही तेच. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आत, तोतलाडोहमध्ये, मासेमारीला बंदी आहे, तिथे प्रश्नच नाही.

पावसाळ्यात काठाजवळ पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा घोळका उकळल्यासारखा हलताना दिसला तर तिथून पुढे जा. त्याखाली मरळीची जोडी राखण करत असते. फ्रॉग टाकला की ती हमखास हल्ला करते, म्हणूनच ‘खात्रीची जागा’ म्हणून कोणी दाखवतो. तो फटका भुकेचा नसतो. राखणदार गेला की बाकीचे मासे आणि बगळे काही वेळात घोळका संपवतात. या एका गोष्टीवर कुठलीही सूट देऊ नये.

नागपूरचा उन्हाळा लुअरचा मोठा शत्रू आहे. मे महिन्यात बंद गाडीत पेटी राहिली की पीव्हीसीचे फ्रॉग मऊ पडून जसे दाबले गेले तसेच राहतात. चपटा झालेला फ्रॉग गरम पाण्यात मिनिटभर धरला तर बऱ्याचदा आकारावर येतो, पण शिवण उघडली असेल तर नाही. मऊ प्लॅस्टिकचे मासे हार्ड लुअरला चिकटून ठेवले तर रंग विरघळतो आणि दोन्ही खराब होतात. त्यातही अतिताणाच्या टीपीई प्लॅस्टिकचे, झेड-मॅन बनवते तसले मासे साध्या पीव्हीसीच्या माशांबरोबर एका पिशवीत ठेवले तर त्यांचा लगदा होतो. ते मूळ पाकिटातच राहू द्या. घरी आल्यावर प्रत्येक फ्रॉग दाबून पाणी काढा आणि नाक खाली करून सावलीत टांगा. आत पाणी राहिलं की हुकची दांडी आतून गंजते, बाहेरून काही दिसत नाही, आणि मोठ्या मरळीच्या पहिल्या ओढीला ती तुटते. हुक नाकाच्या बाजूनं दोन मिलीमीटर पुढे ढकलून दांडीवर तपकिरी डाग आहे का हे दर महिन्याला बघावं.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं एवढंच घ्यावं: दोन पोकळ फ्रॉग (एक पांढऱ्या पोटाचा, एक काळा), एक जंप फ्रॉग, १४ ग्रॅमचा एक वीड-गार्ड स्पून, आणि पॅडल-टेलचं एक पाकीट चार-पाच ऑफसेट हुकांसह. बांधावर जाणार असाल तरच एक मिनो. उरलेल्या पैशांत आठ इंची लांब नाकाची पक्कड आणि माशाचं तोंड धरायचा ग्रिप घ्या. मरळ हातात निसटते, वळते, आणि त्या वेळी तोंडातला दुसरा हुक मोकळा असतो. ग्रिपनं खालचा जबडा धरा, अंग ओल्या हातावर टेकवा, पक्कडीनं हुक आला त्याच दिशेनं मागे ढकला. हुकचा काटा, म्हणजे टोकामागचा उलटा दात, आधीच पक्कडीनं चेपून ठेवला असेल तर हे काम काही सेकंदांचं आहे. दोरी ताणलेली ठेवली तर काटा नसला तरी मासा सहसा सुटत नाही, आणि हुक तुमच्या बोटात गेला तरी बऱ्याचदा सोपेपणानं निघतो.